खाली चिकटणारी स्टीलची ताटली: जमिनीवर पंगत बसणाऱ्या घरातून

लहान लेकरासाठी खाली सिलिकॉनची बैठक असलेली, ठेवली की चिकटून बसणारी स्टीलची ताटली मिळते, ती आमच्या घरी गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरात आहे. आधीच सांगते, मला ती आवडली आहे आणि नणंदेलाही मी घ्यायला सांगितली आहे. पण ऑनलाइन या ताटलीबद्दल जी जी मतं वाचली, ती सगळी टेबलाजवळ उंच खुर्चीत बसणाऱ्या लेकरांच्या आयांची होती. आमच्याकडे टेबल नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं एकत्र घर आहे. सासू-सासरे, भासरे म्हणजे मोठे दीर, जाऊ, आम्ही दोघं आणि दीड वर्षाची छकुली. जेवण खाली बसून, भिंतीला पाठ लावून, ताटं समोर मांडून. अशा घरात ही ताटली कशी चालते हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ताटली गोल आहे, तीन खणांची. एक खण मोठा, दोन लहान. खाली निळ्या सिलिकॉनची बैठक, तिला एका बाजूला जिभेसारखं टोक, ते उचललं की हवा शिरते आणि ताटली सुटते. सोबत एक झाकण आणि एक चमचा. मला साडेचारशेच्या आसपास पडली. तालुक्याच्या भांड्याच्या दुकानात खणांची साधी ताटली यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, तेव्हा जास्तीचे पैसे आपण बैठकीचे देतो आणि थोडे स्टीलचे.

स्टीलचं म्हणाल तर पाठीमागे ३०४ असा शिक्का आहे. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या भांड्यांत बरेचदा २०२ नावाचं स्टील वापरतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त पडतं, पण आंबट-खारट लागून लवकर डाग धरतं. दुकानात चुंबक लावून दाखवतात आणि चिकटला नाही की माल चांगला म्हणतात, त्यावर जाऊ नका. चुंबक या दोन्ही स्टीलला धड चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. आमच्याकडे आंबाडीची भाजी आणि कढी नेहमीची, तरी ताटलीवर अजून एक डाग नाही. स्टीलच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

आता मुख्य गोष्ट, चिकटण्याची. बैठक दाबली की तिच्याखालची हवा निघून जाते आणि बाहेरची हवा तिला वरून दाबून धरते, एवढीच त्यातली करामत. कडेने कुठूनही हवा आत शिरली की ताटली सुटली. म्हणून खालची जागा गुळगुळीत आणि सलग पाहिजे. आमच्या घरात तीन तऱ्हेची जमीन आहे. ओसरी शेणानं सारवलेली, स्वयंपाकघरात जुनी खडबडीत शहाबादी फरशी आणि पुढच्या खोलीत अलीकडे बसवलेल्या टाइल्स. ओसरीत ती अजिबात धरत नाही, उलट उचलताना सारवणाचा पापुद्रा घेऊन वर येते आणि बैठक भरते ते वेगळंच. शहाबादीवर घटकाभर धरते आणि आपोआप सुटते. टाइलवर मात्र अशी बसते की जावेनं दोन्ही हातांनी ओढली तरी हलली नाही. तिथंही दोन टाइलांच्या सांध्यावर ठेवली तर धरत नाही, एकाच टाइलच्या मधोमध ठेवावी लागते. लाकडी पाटावर धरत नाही. सनमायका लावलेल्या चौरंगावर धरते.

पण जेवायला आम्ही पुढच्या खोलीत बसत नाही. गॅस आणि चूल दोन्ही स्वयंपाकघराच्या बाजूला, गरम भाकर तिथून ताटात पडते. एका ताटलीपायी सगळी पंगत हलवणं कुणाला पटलं नसतं. मग तोड मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काढली. ते शांतपणे म्हणाले, "कोपरात ठेव ना ते. तिथं चिकटीन बी अन् सांडलं त् कोपरातच राहीन."

कोपर म्हणजे परात. आमच्याकडे स्टीलची एक मोठी परात आहे, कुरड्यांचा चीक ओतायला आणि लग्नकार्यात भात काढायला निघते ती. तिचा तळ सपाट आहे. परातीच्या मध्यभागी ताटली ठेवून, बैठकीच्या कडेला ओलं बोट फिरवून, वरून तळहातानं दाबली. टाइलवर बसली होती तितकीच घट्ट बसली. छकुलीनं दोन्ही हातांनी हिसके दिले, परात जरा सरकली, पण उलटली नाही, कारण एवढी रुंद वस्तू एवढ्या लेकराला उलटवता येत नाही. आता रोज परात आणि ताटली अशी जोडीच मांडली जाते. भाताची शितं, भाकरीचे तुकडे, वरणाचा ओघळ सगळं परातीत जमा होतं. जेवण झालं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते कोंबड्यांपुढे टाकतात. फरशीच्या भेगांतून वाळलेला भात सुरीनं खरवडत बसायचं काम संपलं. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पोचे आलेली परात असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही, आमच्या जुन्या परातीत करून पाहिला.

ताटलीचा खरा फायदा मला वेगळाच झाला आणि तोच मला सांगायचा आहे. लेकरू खायला लागलं तेव्हापासून त्याला भरवणं म्हणजे एकीनं वाटी घेऊन त्याच्यामागे फिरणं. अंगणात कोंबडी दाखव, गोठ्यात वासरू दाखव, गाडीवर बसव, चांदोबा दाखव आणि मधेच घास तोंडात घाल. ती एक म्हणजे बहुतेक वेळा मीच. तोवर सगळ्यांची जेवणं उरकलेली. मी ताट घ्यायची तेव्हा भाकर चामट आणि वरण गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी. तेही एका हातानं जेवायचं, दुसऱ्या हातात झोपाळलेली पोर. आमच्या गावात ज्या घरी लहान लेकरू आहे, तिथली आई शेवटी जेवते, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कुणी त्याबद्दल बोलतही नाही. वावरातून कापूस वेचून आलेली बाईसुद्धा आधी सगळ्यांना वाढते, लेकराला भरवते आणि मग उरलेलं खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं. त्याला कारणं पुष्कळ असतील, पण उरलेली भाजी आणि संपत आलेलं वरण रोज कुणाच्या वाट्याला येतं, ते मला माझ्या घरात दिसतं.

आता मी सगळ्यांसोबत बसते. माझ्या डाव्या हाताला छकुलीची परात, उजवीकडे जाऊ. मध्ये एखाद-दुसरा घास मी भरवते, बाकी तिचं ती खाते. ताटली जागची हलत नाही म्हणून माझे दोन्ही हात मोकळे राहतात. एवढ्या साध्या गोष्टीनं मला पुन्हा गरम भाकर खायला मिळाली. लेकराच्या कुठल्याही वस्तूबद्दल मत देताना मी आता हेच पाहते की तिच्यामुळे त्याच्या आईला चार घास बसून खाता येतात का.

ज्या आठवड्यात वावरात रात्रीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, असते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला घरची माणसं लवकर जेवून निघतात. त्या दिवसांत सातच्या आतच पंगत बसते आणि ते छकुलीला चांगलं मानवतं. भूक लागलेली असते, झोप आलेली नसते. दिवसाची लाइन असली की जेवण नऊवर जातं, तेव्हा ताटली कितीही चांगली असो, पोर किरकिर करते. त्या आठवड्यात तिला आधी थोडं खाऊ घालते आणि पंगतीत नुसतं सोबतीला बसवते.

पंगतीत बसल्यावर ती कशी खाते ते जवळून पाहण्यासारखं आहे. मामाजी तिचे आबाजी, त्यांच्या ताटाकडे तिचं सारखं लक्ष. ते भाकर कुस्करून वरणात भिजवतात. तीही भाकरीचा तुकडा मोठ्या खणात टाकते, अंगठ्यानं दाबते, वाकून बघते, भिजला नसेल तर पुन्हा दाबते आणि मगच तोंडात घालते. आबाजींनी कांद्याची फोड उचलली की तिला तिच्या लहान खणात काहीतरी उचलायचंच असतं. म्हणून मी त्या खणात उकडलेल्या गाजराचा नाहीतर आलूचा तुकडा ठेवते. मागे फिरून भरवायचे तेव्हा ती वांग्याचं भरीत थुंकून टाकायची. आता सगळ्यांच्या ताटात दिसतं म्हणून स्वतः मागते.

तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करत नाही. आत्याबाईंची जुनी रीत आहे, तिखट टाकायच्या आधी गंजातून पळीभर काढून ठेवायचं. वरण असो, तुरीच्या सोल्यांची भाजी असो की भरीत, पहिला वाटा तिचा निघतो, मग उरलेल्यात आपलं तिखट पडतं. अंगणवाडीतल्या ताईंचंही सांगणं हेच की घरात शिजतं तेच मऊ आणि घट्टसर करून द्या, नुसतं वरणाचं पाणी देऊ नका, त्यानं पोट भरतं पण अंगी लागत नाही. एक वर्ष होईतो तिला मीठ-साखर दिली नाही आणि मध तर चाटवलाही नाही. गोळे असतील ते फोडून द्यायचे. फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, हरभरे, सोले अख्खे कधीच द्यायचे नाहीत. घशात अडकतात. थंडीत घरात सगळीकडे तुरीच्या शेंगा आणि भाजलेला हरभरा पडलेला असतो, तेव्हा हे फार सांभाळावं लागतं. दाण्याचं कूट द्या, सोले चेचून द्या.

खणांच्या मापाबद्दल थोडं. मोठा खण वरण-भाताला आणि ज्वारीच्या कण्यांना चांगला आहे, कडा सरळ उभ्या असल्यानं लेकराला घास कडेला ढकलून उचलता येतो. लहान खण उथळ आहेत. पातळ कढी त्यात राहत नाही, बोट लागलं की बाहेर. घट्ट भाजी, केळाचे तुकडे, गूळ-पोळीचा चुरा यासाठी ठीक. जाहिरातीत अन्न बराच वेळ गरम राहतं असं लिहिलं होतं, तसं काही नाही. पत्रा एकपदरी आहे. वरण वाढलं की उलट लवकर निवतं, लेकरासाठी ते बरंच. पण गरम वरण ओतल्याबरोबर कडा भाजतात, तेव्हा थोडं थांबून तिच्यापुढे ठेवा.

झाकण अजिबात कामाचं नाही. वरून नुसतं बसतं, आत दाबून धरत नाही. वावरात जाताना त्यात वरण-भात नेला तर पिशवीत सगळं पिवळं झालं. वावरात न्यायला आपला साधा कडीचा डबाच बरा. चमच्याचं टोक रुंद आहे, एवढ्या तोंडात मावत नाही. तसंही ती हातानंच खाते आणि आम्ही तिला हातानंच खाऊ देतो. आधी हात धुवून घेतले की झालं.

धुण्याबद्दल मात्र नीट सांगायला पाहिजे, कारण ही अडचण कुणी सांगत नाही. बैठक ताटलीपासून वेगळी होते आणि ती रोज काढून धुवायलाच हवी. ताटली आणि बैठक यांच्या मधल्या खाचेत पाणी आणि अन्नाचे कण जाऊन बसतात. वरून स्वच्छ दिसते, पण काढून पाहिली की आत आंबूस वास. गुळाचा कण राहिला तर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली. आमच्याकडे भांडी राखेनं घासतात, स्टीलला ते चालतं, थोडे ओरखडे पडतात इतकंच. बैठकीला मात्र राख लावू नका. बारीक खर चिकटते, आणि कडेला खर असली की मग ती हवा धरत नाही. साबणही थोडाच लावायचा, सिलिकॉन साबणाचा वास धरून ठेवतं. तेल-हळदीनं ती चिकट झाली की मी ती उकळत्या पाण्यात टाकते, तिला काही होत नाही. हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही, पण उन्हात ठेवला की जातो. हळदीचा रंग उन्हानं उडतो, आणि उन्हाची तर आपल्याकडे कमी नाही. अंगणातल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यानं टांगून ठेवली की डाग फिका होत जातो.

आत्याबाईंचा सुरुवातीला या ताटलीला विरोध होता. "एवढुशा लेकराले काहून पाह्यजे व असं महागाचं? काशाची थाली पडली हाय ना घरात," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. काशाची थाळी इतकी जड की लेकराला ती ढकलता येत नाही, कुठल्याही जमिनीवर बसते, ओसरीतसुद्धा. त्यांची तिन्ही लेकरं त्याच थाळीत जेवून मोठी झाली. म्हणून आम्ही काही दिवस दोन्ही आलटून पालटून वापरून पाहिल्या. थाळीची कड बुटकी असल्यानं वरण कडेवरून वाहतं आणि लेकराला घास टेकवायला आधार मिळत नाही. आंबट पदार्थ तिच्यात ठेवून चालत नाही, कढी किंवा आंबाडी असली की आत्याबाई स्वतःच "त्याच्यात नोको वाढू" म्हणतात. पण कोरड्या जेवणाला, पोळी-भाजीला किंवा खिचडीला ती थाळी आजही पहिल्या नंबरची. ज्यांच्या घरी काशाची जड थाळी आहे आणि सगळं घर सारवलेलं आहे, त्यांनी चिकटणाऱ्या ताटलीवर पैसे घालू नयेत. पोळीसोबतची भाजी घट्टसर करा आणि थाळी लेकरापुढे ठेवा.

एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असावी. ही चिकटण्याची सोय फार काळ पुरत नाही. लेकरू टेकून न बसता नीट बसायला लागलं, साधारण सात-आठ महिन्यांचं झालं, की तेव्हापासून तिचा उपयोग. मग एके दिवशी त्याला खालचं ते टोक सापडतं. छकुलीला ते नुकतंच सापडलं आहे. एका बोटानं टोक उचलते, ताटली सुटल्याचा आवाज येतो आणि सगळ्यांकडे बघते. यावर आम्ही ताटली अशी ठेवतो की टोक माझ्या बाजूला येईल, तिच्या हातापासून लांब. तेवढ्यानं अजून तरी भागतं आहे. आणि खरं सांगायचं तर आता ती आधीसारखे हिसकेही देत नाही, पंगतीत बसून खायची तिला सवय लागली आहे. पुढे बैठक काढून टाकली तरी ताटली साध्या ताटासारखी शाळेत जाईपर्यंत चालेल असं स्टील आहे.

मागवण्याबद्दल. आमच्या गावापर्यंत पार्सल आलं नाही. तालुक्याला येऊन पडलं आणि फोन आला की येऊन घेऊन जा. पैसे मात्र घरपोच म्हणूनच घेतले होते. बाजाराच्या दिवशी एसटीनं जाऊन आणावं लागलं. खेड्यातल्या माणसानं मागवताना हे धरूनच चालावं आणि बाजाराच्या दिवसाच्या आसपास पार्सल येईल असं बघावं. तिथंच उघडून बैठकीची कड नीट तपासा. कडेला बारीकशी चीर किंवा साच्याचा उंचवटा राहिलेला असला तर ती कुठेच चिकटणार नाही, आणि परत पाठवायला पुन्हा तालुक्याला चक्कर. दुकानात काचेचं काउंटर असतंच, त्यावर एकदा दाबून पाहिली की लगेच कळतं.

नणंदेचं घर पुसदला आहे, घरभर टाइल्स, तिला परातीची गरज नाही. तिला मी एवढंच सांगितलं की झाकण-चमच्याचा सेट घेऊ नको, नुसती ताटली घे, शंभर-सव्वाशे वाचतात. आणि बैठक वेगळी विकत मिळते का ते विक्रेत्याला आधी विचार, कारण ताटलीला वर्षानुवर्षं काही होणार नाही, आधी झिजेल ती बैठकच.